बालुशाहीला खड्डा का असतो?

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका, इथं जागा आहे. बसलात? आता एक प्रश्न विचारतो, पण उत्तर लगेच देऊ नका. घाईघाईनं तोंड उघडणाऱ्या एका माणसाचीच आज गोष्ट आहे! प्रश्न असा — माणूस खोटं कधी बोलतो? भीतीनं बोलतो. लोभानं बोलतो. कबूल! पण ज्याला कुणाची भीती नाही, कुणी दमडी देऊ केलेली नाही, पोट भरलेलं आहे आणि समोर साक्षात रामराया उभा आहे — असा माणूस खोटं बोलेल का हो?

नाही म्हणताय? माना तर जोरात हलवताय! मग ऐका.

एक होते कीर्तनकार बुवा. नाव सांगत नाही. विसूभाऊ, तुम्ही पेटी वाजवा, खोकू नका! या बुवांचा विषय निघाला की आमच्या विसूभाऊंना ढास लागते. तर बुवा. विद्या बेताची, आवाज बरा, आणि पोट असं, की बुवा देवळात पोचायच्या आधी पोट पोचून रामाला नमस्कार करून मोकळं! बत्तीस वर्षं बुवा लोकांना सांगत आले — जिभेवर ताबा ठेवा. लोक ठेवायचेही बिचारे. बुवांना स्वतःला काही सवड झाली नाही.

कारण दर शनिवारी सकाळी त्यांच्या घरी एक पुडा यायचा. वर्तमानपत्राचा कागद, पांढरा दोरा, आत चार बालुशाह्या. पाठवणार सुभद्राकाकू मिठारी. जुन्या पेठेतली मिठारींची भट्टी तुम्हाला माहीत आहे. पाटी नाही, काच नाही, पंखा आहे तो फिरत नाही. काकू मंद आचेवर बालुशाही तळतात, पाकात सोडतात, परातीत मांडतात, की वर साखरेची पांढरी साय धरते. चावली की पापुद्रे सुटतात. बुवा तर पुडा सोडायच्या आधी हातात घेऊन नुसता तोलायचे. बुवांच्या पत्नी म्हणायच्या, "अहो, देवाला तरी दाखवा आधी!" बुवा म्हणायचे, "देव माझ्या आतच आहे, तिकडेच पाठवतोय!"

हसताय? हसा. पुढे रडायचं आहे — तुम्हाला नाही, बुवांना.

आता रामनवमीचा आपला उत्सव. पाडव्याला सुरू, दशमीला पारणं. आणि पारण्याचा प्रसाद काय? बालुशाही! काकूंच्या सासऱ्यांनी घातलेली रीत. त्या दिवशी मिठारींची भट्टी देवळाच्या अंगणात मांडायची, तिथंच घाणा काढायचा, तिथंच रामाला दाखवायचा. एकेचाळीस वर्षं झाली. सासरे गेले, यजमान गेले, काकूंचा गुडघा गेला; रीत काही गेली नाही. काकू वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघतात.

आणि यंदा काय झालं? बसस्टँडसमोर डोनटचं दुकान उघडलं! मोठ्या कंपनीचं. नाव इंग्रजी आहे, मी घ्यायला गेलो तर कवळी बाहेर येईल. दुकान घातलं आपल्या मुकुंदशेठनी. थंडगार हवा, भिंतीवर दिवे, पोरं-पोरी टोप्या घालून उभ्या. आणि ते डोनट! गुलाबी, चॉकलेटी, वर रंगीत खसखशीसारखं काहीतरी. शेठनी बुवांकडे डबा पाठवला. सहा होते. बुवांनी, परीक्षा म्हणून, चार खाल्ले. उरलेले दोन, परीक्षेची खात्री म्हणून!

खोटं कशाला सांगू? चांगले होते. मऊ, हलके, तोंडात ठेवले की नाहीसे. आणि मजा ही, की तोच डोनट पुण्यात खा, नागपुरात खा — काडीचा फरक नाही! काकूंचं तसं नाही. एखाद्या शनिवारी बालुशाही जरा कडक झाली, की बुवा ओळखायचे, आज काकूंचा गुडघा दुखतोय, उठून घाणा वेळेवर उतरवता आलेला दिसत नाही. डोनटवरून कुणाचा गुडघा कळत नाही. पण म्हणून डोनट वाईट? मुळीच नाही! सहा खाल्लेला माणूस साक्ष देतोय.

मग बिघडलं कुठं? ऐका. आला पाडवा. उत्सवाचं पहिलं कीर्तन बुवांचं. पूर्वरंग झाला. मग आपली पद्धत — मध्यंतराला बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि मग आख्यान. त्या दिवशी हार घालायला उठले मुकुंदशेठ. हार कसला? गुलाबांचा, पोटापर्यंत, आणि बुवांच्या बाबतीत पोटापर्यंत म्हणजे लांबच झाला. वर शाल! वर माईकवरून चार शब्द — "असे विद्वान बुवा पुण्या-मुंबईलाही मिळायचे नाहीत."

झालं! बुवा पाघळले. घरून आख्यान तयार करून आले होते संयमाचं. ते गेलं वाऱ्यावर! बुवांना वाटलं, शेठच्या मानाची काहीतरी परतफेड करायला हवी. आणि आमच्या धंद्याची खोड अशी, की समोर जे दिसेल त्याचा परमार्थ करायचा. बुवा ताठ उभे राहिले, चिपळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "मंडळी, डोनट बघा! मध्ये काय आहे? काही नाही! शून्य! आरपार! हेच वैराग्य! आणि आपली बालुशाही बघा. मध्ये काय? खड्डा! खड्ड्यात काय? साखर साचलेली! मंडळी, हीच ती वासना!"

काय हशा झाला म्हणता! टाळ्या! कुणी फोनवर टिपून घेतलं, आरती व्हायच्या आत ते गावभर! बुवा खूश. बत्तीस वर्षांत एवढी टाळी पडली नव्हती. आणि तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, सुभद्राकाकू बसल्या होत्या. बुवांना दिसल्या होत्या का? दिसल्या होत्या, मंडळी. बोलायच्या आधीच दिसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर गर्दी. घेणारे कमी, चिडवणारे फार. कॉलेजची पोरं येऊन म्हणायची, "काकू, पाव किलो वासना द्या!" पासष्टीची बाई ती. खाली मान घालून तोलत राहायची. आणि चौथ्या दिवशी देवस्थानच्या बैठकीत निघालं, यंदा पारण्याला डोनटच का नको? शेठ देतायत, आणि बुवांनीच तर सांगितलं, वैराग्याचा प्रसाद! अध्यक्ष म्हणाले, अष्टमीला आरतीनंतर जाहीर करू. एकेचाळीस वर्षांची रीत, आणि ती मोडायला दाखला कुणाचा? बुवांचा!

बुवांच्या कानावर हे आलं. बुवांनी काय केलं? काही नाही. शनिवारची वाट बघितली. बघितली म्हणजे काय, मनात धाकधूक — पुडा येतो का नाही?

आला! तोच कागद, तोच दोरा. बुवा म्हणाले, वा, काकूंनी मनावर घेतलं नाही. माणूस मोठं! पुडा सोडला. आत चार बालुशाह्या. पण काहीतरी चुकल्यासारखं. खड्डाच नाही! वरून सपाट. बुवांनी तरी चावली. वरून तांबूस, खुसखुशीत — आणि आत? आत कच्चं पीठ! थुंकायची वेळ आली. दुसरी बघितली, तीही तशीच. चारही कच्च्या!

बुवांना राग आला. ज्यांनी बाईची गावभर शोभा केली, त्यांना राग आला — माझी बालुशाही कच्ची म्हणून! तसेच उपरणं टाकून तरातरा भट्टीवर.

"काकू, हे काय? आत पीठ आहे नुसतं!"

काकूंनी झारा खाली ठेवला. "आसनारच की, बुवा. खड्डा पाडला न्हाई."

"का पाडला नाही?"

"तुमीच म्हनला न्हवं? खड्डा म्हंजे वासना. मंग म्हनलं, बुवांपुरता एक घाणा तरी बिनवासनेचा काढावा."



काकूंनी परातीतला गोळा उचलला, तळहातावर चपटा केला आणि मधोमध अंगठा दाबला. म्हणाल्या, "खड्डा साखरंसाठी नसतो, बुवा. गोळा जाड आसतो. कडा तळून निघतात, पर आच मधी पोचत न्हाई. म्हनून हितं दाबायचं. दाबलं न्हाई तर वरनं सोन्यासारखी दिसती अन् आत कच्ची ऱ्हाती. तुमच्या त्या डोनटाला भोक कशाला आसतंय? त्याच्यासाठीच! तेनं आरपार पाडलं, आमी दाबून भागवलं. दोघांचं काम येकच. त्यात कुठली वासना अन् कुठलं वैराग्य?"

मंडळी, बत्तीस वर्षं चार-चार खाल्ल्या त्या माणसानं! एकदाही विचारलं नाही, हा खड्डा का? आणि अर्थ मात्र माईकवर सांगितला!

बुवा खजील झाले. म्हणाले, "काकू, चुकलो. मी आजच अध्यक्षांच्या कानावर घालतो. प्रसाद तुमचाच राहील."

काकूंचे डोळे भरून आले, पण आवाज नाही हलला. "कानात कशाला? म्हनताना माईकवर म्हनला. तवा माझे सासरे तिथं न्हवते, बरं झालं. येवढंच वाटलं मला."

बुवा घरी आले. जेवण गेलं नाही — हसू नका, बुवांच्या घरात ही मोठी बातमी होती! पण मन बघा कसं असतं. पश्चात्ताप झाला, खरा झाला, आणि त्याच्या शेजारीच हिशेबी विचार बसला: माईकवर माघार घेतली तर शेठ काय म्हणतील? शाल परत द्यावी लागेल का? पुढच्या वर्षी बोलावतील का? लोक म्हणतील, बुवा पाडव्याला एक बोलतात, अष्टमीला एक! रविवारी ठरवलं, सांगायचं. सोमवारी ठरवलं, नको, हळूच अध्यक्षांना फोन करू. फोन लावला आणि उचलायच्या आत बंद केला. असा शूर माणूस!

तर मंडळी, पहिला प्रश्न काय होता? भीती नाही, लोभ नाही, पोट भरलेलं, समोर राम — असा माणूस खोटं बोलेल का? बोलतो! गळ्यात हार पडला की बोलतो! कुणी चारचौघांत "विद्वान" म्हटलं की पुरे!

आता विसूभाऊ, खोका. मोकळेपणानं खोका. आज अष्टमी आहे, आणि ते बुवा आत्ता तुमच्यासमोर उभे आहेत. मघाशी मध्यंतराला शेठ हार घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, हार-बुक्का दोन्ही नंतर. तुम्हाला वाटलं, बुवांना नम्रता आली. नाही हो! मला माझी खात्री नव्हती. तो हार गळ्यात पडला असता, तर आजही मी दुसरंच काहीतरी सांगितलं असतं.

ज्या गादीवर उभं राहून बोललो, त्याच गादीवरून परत घेतो. बालुशाहीचा खड्डा वासना नाही. मी खोटं बोललो. काकूंचं मी तुमच्यासमोर हसं केलं, आणि मला ते बोलताना कळत होतं.

शेठ, तुमच्यावर राग नाही. तुमचा डोनट चांगला आहे, उद्यापण पाठवलात तर डबा परत जाणार नाही! मान हलवताय ती हो म्हणून ना? बरं. अध्यक्ष, आरतीनंतर काय जाहीर करायचं ते तुमच्या हातात. पण माझा दाखला देऊ नका. तो दाखला कच्चा होता.

आणि मंडळी, तुम्ही! त्या दिवशी मी एकटा नव्हतो. हसलं कोण? टाळी कुणी दिली? फोनवर टिपून गावभर कुणी पाठवलं? तुम्ही सगळ्यांनी काकूंची बालुशाही खाल्लेली आहे. बारशाला खाल्ली, पोराच्या निकालाला खाल्ली. जिभेला ठाऊक होतं आणि टाळी हातांनी वाजवली! एकालाही वाटलं नाही, की उठून म्हणावं, "बुवा, जरा थांबा." आज आरती घेताना ज्याची त्यानं आठवण करावी.

आता आख्यान संपलं. बुक्का राहिलाय. हा मान नेहमी अध्यक्षांचा. आज त्यांची परवानगी मागतो. सुभद्राकाकू, या अशा पुढे. पोरांनो, हात द्या त्यांना, गुडघा दुखतो. या. ही बुक्क्याची वाटी.

बोटानं नको, काकू. अंगठ्यानं लावा. मधोमध, आणि चांगला जोर देऊन दाबा — आत अजून पुष्कळ कच्चं आहे.