निळ्याला दिलेला होकार

ओर्फेलिना : तुम्ही ठरवून केलंय हे! सुनावणी घरबसल्या म्हणता, आणि नोटिशीत लिंक अशी देता की माणूस दाराबाहेरच राहावा. चोर आहात, चोर!

यास्ना : मावशी, मत्स्य खात्याला ऐकू जात नाहीये. आपण अजून आत गेलोच नाही.

ओर्फेलिना : म्हणून तर ओरडून घेतेय. आत गेल्यावर नीट बोलायचंय.

(चिली देशातल्या चिलोए बेटावरची एक खाडी. गावच्या सभागृहातला एकुलता एक संगणक. बाहेर बायकांनी शेवाळ वाळत घातलंय.)

यास्ना : सरक जरा. लिंकवर दाबते... पुन्हा निळं ब्राउझर!

ओर्फेलिना : आणि पुन्हा तेच, 'आपण कोण?' जन्म गेला या किनाऱ्यावर, आणि हे मेलं मला विचारतंय मी कोण!

यास्ना : तुझी ओळख केशरी ब्राउझरमध्ये नोंदलीय. खात्याचं पान तिथंच चालतं.

ओर्फेलिना : मग लिंक उचल आणि टाक केशरीत.

यास्ना : नोटीस कुलूपबंद पाठवलीय. त्यातलं एक अक्षर उचलता येत नाही.

ओर्फेलिना : बघ! आणि म्हणे मी उगाच शिव्या देते. आता लिहून टाकतील, हरकत कुणाचीच नाही. उद्या सॅमन मासे पाळणारी ती कंपनी खाडीला कुंपण घालणार. मग शेवाळ काय ताटात उगवायचं?

यास्ना : थांब. परवापर्यंत केशरीतच उघडत होतं. मधे इथं कोण बसलं होतं?

ओर्फेलिना : ...मी.

यास्ना : या निळ्यानं काही विचारलं होतं?

ओर्फेलिना : विचारलं. यापुढं तुमचं सगळं मीच उघडू का? म्हटलं, उघड बाबा.

यास्ना : मावशी!

ओर्फेलिना : मावशी काय मावशी? दारात येऊन कुणी काही देऊ केलं, तर आपल्या बेटावर नाही म्हणतात? तुझी सासू बटाट्याची करपलेली मिल्काओ पुढं करते, तेव्हा खातेस ना गपचूप?

यास्ना : वर आणखी एक मागते. बरं, सेटिंगमध्ये जाते... नेहमीचं ब्राउझर... निळं काढलं, केशरी ठेवलं. दाब.

ओर्फेलिना : दाबलं. ...निळंच! पाहुणा उठायला तयार नाही.

यास्ना : असं कसं? बाकीच्या लिंक केशरीत जातायत. फक्त या नोटिशीतली... अच्छा! नोटीस उघडणाऱ्या प्रोग्रामचा हा वेगळाच हट्ट आहे, संगणकाला विचारतच नाही. त्याच्या पर्यायांत शिरते. हे बघ, लिंक कशात उघडायच्या, तर निळ्यात.

ओर्फेलिना : त्यालाही मीच हो म्हटलं?

यास्ना : नाही गं. हे त्यानं परस्पर ठरवलंय.

ओर्फेलिना : न विचारता घुसला? मग त्याला कसला मान! काढ.

यास्ना : काढलं. दाबू?

ओर्फेलिना : हात बाजूला घे. मी दाबणार.

यास्ना : केशरी! मावशी, केशरी! वर तुझं नाव आलं!

अधिकारी : (पडद्यावरून) ...तर कुणीच हजर नसल्यामुळे, हरकत नाही असं धरून...

ओर्फेलिना : आहे! हरकत आहे! मी ओर्फेलिना नावेल्किन, शेवाळ वेचणाऱ्या बायकांकडून.

अधिकारी : बाई, आपल्याला उशीर झालाय.

ओर्फेलिना : उशीर तुमच्या कुलपानं केला. नकाशा लावा समोर. कंपनीला द्यायच्या पट्ट्यावर काय लिहिलंय? वाचा मोठ्यानं.

अधिकारी : 'कायम पाण्याखाली. कुणाचाही वापर नाही.'

ओर्फेलिना : ओहोटीला तिथं आम्ही चालतो! टोपल्या घेऊन, आख्खं गाव!

यास्ना : फोटो जोडलेत, साहेब. त्यांच्या लिंक तरी तुमच्याकडे उघडतात ना?

अधिकारी : उघडल्या. ...हं. बायका चालतायत खऱ्या. नकाशा भरतीच्या वेळचा दिसतोय. ठीक आहे, फेरमोजणी होईपर्यंत परवानगी थांबवतो. तशी नोंद केली.

यास्ना : मावशी, जिंकलो! बाहेर सांगून येते!

ओर्फेलिना : बस खाली.

अधिकारी : आणखी काही, बाई?

ओर्फेलिना : आहे. ओहोटी रोज येते, साहेब. तरी नकाशा भरतीलाच काढा, हे कुणी सांगितलं? नाव सांगा. मी बसलेय.