कंप्रेसरची तापलेली नळी

गुरुजी : ...तर डोळे मीट आणि अशी कल्पना कर, की तू या कंप्रेसरमधली हवा आहेस. दट्ट्या तुला दाबतोय. काय होईल?

किमया : अंग चेपेल.

गुरुजी : आणि तापेल. पण जाळ तर कुठे नाही. मग ही ऊब आली कुठून?

किमया : दट्ट्यानं ढकललं म्हणून?

गुरुजी : बरोबर. दट्ट्याने तुझ्यावर कार्य केलं, ती ऊर्जा तुझ्या आत शिरली. तिला आंतरिक ऊर्जा म्हणतात. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक तापतं ना, तसंच.

किमया : आणि ही तांब्याची नळी?

गुरुजी : तापलेली हवा हिच्यातूनच टाकीत जाते. जाताना नळीला उष्णता देते.

किमया : हाताला किती पोळेल?

गुरुजी : फोड येतील. पण किमया, कारखान्यात आता कोणीच गणपती रंगवत नाहीये. मग मशीन चालू का? आणि टाकीची तोटी कोणी उघडी ठेवली?

किमया : मी. टाकी भरली की मशीन आपोआप थांबतं, म्हणून. पण तोटीतून हवा गार येते. ती का?

गुरुजी : बाहेर पडताना ती पसरते, बाहेरच्या हवेला ढकलते. ते काम स्वतःच्या आतल्या ऊर्जेवर करते, म्हणून निवते. आता सांग, मशीन का थांबू द्यायचं नाही?

किमया : इथं आखणी करतो तो निकेशदादा रोह्याहून येतोय. त्याला हे मशीन मागच्या शेडमध्ये न्यायचंय. मूठ तुटल्यापासून सगळे नळीलाच धरून उचलतात. मी त्याला फोनवर सांगितलं, सकाळपासून बंद हाय. तो फाटकाशी दिसला की बटण बंद करणार होते.

गुरुजी : का गो?

किमया : बाबांनी मला पहिल्यांदा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करू दिली. यानं सगळ्यांसमोर ओल्या फडक्यानं पुसली. म्हणाला, पोरींचे देव तिरळे बघतात. सगळे हसले. ज्या हातानं पुसली तो हात पोळू दे. या हंगामात त्याला पण आखणी करता येऊ नये.

गुरुजी : तिरळे होते?

किमया : नाय. तुम्ही पण तेच विचारता.

गुरुजी : चुकलो. त्याने वाईटच केलं. हे बघ, मी बटण बंद केलं. पण नळी लगेच निवणार नाही आणि तो फाटकाशी आलाय. त्याला मी सांगू, की तू?

किमया : तो माफी मागणार हाय का?

गुरुजी : मला नाही वाटत.

(निकेश आत येतो आणि थेट कंप्रेसरपाशी वाकतो.)

निकेश : काय गुरुजी, सुट्टीत पण शाळा? सर गो बाजूला, उचलू दे.

किमया : नळीला हात नको लावू. तापलीय.

निकेश : बंद हाय म्हणालीस ना?

किमया : खोटं बोलले. तुझा हात पोळवायचा होता.

निकेश : येडी हायस का तू?

किमया : हे गोणपाट घे, खालून धर. एक बाजू मी धरते. आणि उद्या मी पुन्हा आखणी करणार. तू समोर उभा राहून बघायचं.