कडेचा अर्धा इंच

फ्रेमच्या दुकानात एक आत्या आणि तिचा भाचा आले होते. काउंटरवर कापड, बटणं आणि फोटो चिकटवून केलेलं चित्र होतं.

"मधले हे दोघं?" दुकानदाराने विचारलं.

"मी आणि माझा जोडीदार," भाचा म्हणाला. "आत्यानेच केलंय. उद्या प्रदर्शन आहे."

"पण कडेचा अर्धा इंच फ्रेमखाली जातो. या बाई झाकल्या जातील."

"आत्या, स्वतःचा फोटो इतक्या टोकाला का चिकटवलास?"

"सवय रे. नवऱ्याला सोडल्यापासून घरच्या फोटोत मी कडेलाच."

"मला तर फोटोला बोलवतच नाहीत. दादा, तिला आमच्या दोघांच्या मधे घ्या."

"अरे, तुझा बाप बघेल!"

"बघू दे."

"उचकटू का, बाई?"

"थांबा. पर्समध्ये माझा एक हसरा फोटो आहे. तो लावा."