मांडवातलं बोलावणं

माजा गाव आता विमानतळाखाली हाय, काय सांगू तुमाला, जिथं मी जन्मले तिथं आता विमानं उतरतात. आमी आगरी. आई धवलारीण, म्हंजे लग्नान धवले गानारी, तिच्या मागं बसून मी शिकले, आन मंग शिरढोणपर्यंत किती लग्नांना गायले त्याला मोजदाद नाय. आमच्यात भटजी नंतर, पयली धवलारीण. ती हलदीला एकेका देवाला नाव घेऊन मांडवान बोलावते. जिला बोलावलं नाय ती देवी रुसते, आन ते नवरीला बाधतं, आई सांगायची.

आमची गावदेवी टेकडीवर. विमानतळासाठी टेकडी फोरली, गाव उठला, आमाला करंजाड्यान बसवलं, तिथंच देवीला नवीन देऊळ दिलं, तवापासून मी गाते, जिची टेकडी फोरली ती आई मांडवान ये. आपसूक तोंडान आलं, मुद्दाम केलं नाय.

मंग खारघरला सरकारचा लोककलेचा कार्यक्रम झाला. साहेब बरा होता, खुर्ची दिली, चहा दिला, म्हनला आजी, गाणं आधी लिहून द्या, मंजुरी लागते. नातीनं लिवून दिलं. तं म्हनला बाकी छान, तेवढी ओळ सोडा, सरकारविरोधी वाटते. मी म्हनलं साहेब, ते भांडन नाय, बोलावनं हाय. तो म्हनला वरून आलंय, माझ्या हातात नाही. मी ती ओळ घेतलीच, न घेऊन कसं चालंल, तं माईक बंद. लोकांना वाटलं लाईट गेली. मी आपली गातच राहिले, पुढच्या रांगेलाबी आयकू गेलं नसंल. मंग शाल दिली, नारळ दिला, परत काय बोलावलं नाय. त्याचं मना एवढं लागलं नाय.

लागलं ते परवा. त्याच नातीचं लग्न ठरलंय. तिचा बाप, पोरगा माजा, सरकारी कामाची कंत्राटं घेतो, तो जवळ येऊन बसला आन हलूच बोलला, "आये, हलदीला साहेब लोक येनार हायेत. ती टेकडीची ओळ नको घेऊस."

याच देवीला नवस केला तवा हा झाला. सरकारशी एकदा तरी बोलले, पोटच्या पोराशी काय बोलू? जीव थकलाय आता. बरं म्हनले.

मांडवान नाय गानार. पन हलद लावताना नवरीच्या कानाशी तोंड जातंच ना, तिथं माईक लागत नाय. तिथं बोलावीन आईला. येवो ती, नातीचं भलं करो, आन माज्या पोराचंबी.