बोट कुणी उपटलं?

(उरवडे. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं ऑफिस. कामगार एकनाथच्या डाव्या हाताला बँडेज. समोर एचआरची ऋतिका, मध्ये अपघाताचा फॉर्म.)

एकनाथ : न्हाई मॅडम. ह्या कागदावर मी सही करनार न्हाई.

ऋतिका : अहो काका, तीन वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. त्याआधी हा फाइलला लागायला हवा. अडचण काय आहे?

एकनाथ : वाचा की परत. तिसरी वळ.

ऋतिका : ‘कामगार एकनाथ बहिरू गोळे यांनी डाव्या हाताचे मधले बोट उपटले.’

एकनाथ : मी उपटलं? मुळा हाय का त्यो?

ऋतिका : भाषांतरात गडबड झाली असेल. डॉक्टरांनी रिपोर्टवर ‘अव्हल्शन’ लिहिलंय. मोबाइलमध्ये टाकलं, त्यानं ‘उपटणे’ दिलं.

एकनाथ : आन् ‘एकनाथ गोळे यांनी’? त्ये बी मोबाइलनंच दिलं?

ऋतिका : ते साहेबांनी सांगितलं. वाक्यात कर्ता लागतो म्हणाले.

एकनाथ : लागतो की. बघा बरं, त्या शब्दात कुटं माजं नाव हाय का.

ऋतिका : थांबा, डिक्शनरी उघडते. हं, मूळ लॅटिन. ‘अ’ म्हणजे दूर, ‘वेल्लेरे’ म्हणजे खेचणं, उपटणं. शरीराचा भाग कापला न जाता ओढला जाऊन तुटतो, ते अव्हल्शन.

एकनाथ : म्हंजी मोबाइल खोटं बोलला न्हाई. उपटलंच. फकस्त मी न्हाई.

ऋतिका : कायद्यातला अर्थ वेगळाच आहे, बघा. नदीला पूर आला आणि तिनं एखाद्याच्या जमिनीचा तुकडा एका झटक्यात तोडून दुसऱ्याच्या रानाला नेऊन लावला, तर तेही अव्हल्शन. रोमन लोकांपासून चालत आलंय.

एकनाथ : मंग त्यो तुकडा कुनाचा?

ऋतिका : मूळ मालकाचाच राहतो.

एकनाथ : लई शानी मानसं. आन् नदीनं रोज थोडं थोडं न्हेलं तर?

ऋतिका : तर हक्क जातो. हळूहळू गेलेलं कळत नाही ना कुणाला.

एकनाथ : आं? जरा मोठ्यानं.

ऋतिका : हळूहळू गेलं तर हक्क जातो!

एकनाथ : आसं व्हय. एकोनीस वर्सं प्रेसची धडधड ऐकली, ह्यो उजवा कान तसाच गेला. त्याचा फारम कदी निघाला न्हाई. बोट हुशार. एका झटक्यात गेलं, तर धा कागद निघालं.

ऋतिका : तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

एकनाथ : सांगितलं की. सायेब म्हणले, वयानं व्हतं.

ऋतिका : बरं, वाक्य बदलू. ‘काम करताना बोट उपटले गेले.’ कर्ताच नको. चालेल?

एकनाथ : मंग काय भुतानं उपटलं?

ऋतिका : ‘मशीनने’ लिहू?

एकनाथ : मशीनला काय कळतंय? दसऱ्याला नारळ फोडतो आमी तिच्याम्होरं. प्रेसच्या फिरत्या पट्ट्यावर झाकायची जाळी आसती, तर तिनं बी काय केलं नसतं.

ऋतिका : जाळी नव्हती?

एकनाथ : पट्टा सारखा घसरायचा. दर खेपेला जाळी काढा, पट्टा बसवा, जाळी लावा. सायेब म्हणले, काढूनच ठेव, माल थांबतोय. काढली मीच, ह्याच हातानं. त्ये बी ल्हिवा.

ऋतिका : साहेब तर म्हणाले, तुमची मस्ती चालली होती.

एकनाथ : पन्नाशीला आलोय मॅडम. पट्ट्यासंगं कसली मस्ती?

ऋतिका : काका, असं लिहिलं तर साहेब मला ठेवतील का इथं? कायम होऊन दोनच महिने झालेत मला.

एकनाथ : मंग नका ल्हिवू. कोरा कागद द्या. सातवी शिकलोय, माजं मी ल्हितो. तुमचं नाव येनार न्हाई.

ऋतिका : नको. हात दुखेल. सांगा, मी लिहिते.

एकनाथ : उजवा चांगला हाय की. बरं, ल्हिवा. सायबांच्या सांगन्यावरनं मी जाळी काढली. पट्ट्यानं बोट उपटलं. जाळी आजून बसवलेली न्हाई.

ऋतिका : अजून नाही?

एकनाथ : न्हाई. माज्या जागी बुधाला उभा केलाय. वरच्या वाडीचा हाय, दोन पोरींचा बाप. त्याला मशीनची कायबी म्हाइती न्हाई.

ऋतिका : म्हणजे आत्ता, या क्षणी, मशीन चालू आहे?

एकनाथ : मंग? माल थांबतोय ना.

ऋतिका : हॅलो, सर? ऋतिका. फॉर्मचं नंतर बोलू. आधी बुधाला त्या मशीनवरून बाजूला घ्या. नाही सर, तीनपर्यंत नाही. आत्ता. राहू दे, मीच खाली जातेय.

एकनाथ : मॅडम, त्या सँडलीवर नका जाऊ. खाली पत्र्याची कातरन पडलेली आसती.