‘चडुगुडु’ म्हटलं म्हणून बाद

सन्माननीय अध्यक्ष उमाकांतराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, मंडळाचे सभासद, आणि मागे सतरंजीवर बसून हे भाषण कधी संपतंय याची वाट पाहणारी बालगोपाळ मंडळी, सर्वांना नमस्कार.

सकवारबाई आज आपल्या मराठी वर्गातून निवृत्त होताहेत. त्यांच्या गौरवासाठी कार्यकारिणीने मला निवडलं. बाईंना एकदा वर्गातून काढणारा सचिव मीच, हे बहुधा कार्यकारिणी विसरली असावी.

छप्पन सालची गोष्ट. पुण्याहून मद्रासला येऊन मला वर्ष झालं नव्हतं. इथली मराठी मुलं हुतूतूला ‘चडुगुडु’ म्हणतात, ठिकरीच्या खेळाला ‘पांडी’ म्हणतात, हे ऐकून मी हादरलो. मराठीचं रक्षण करायला नको? मी नियम केला: सामन्यात ‘हुतूतू’ हाच शब्द, दुसरा उच्चारला की बाद.

क्रीडादिनी पंचही मीच. पहिली चढाई माझ्याच दहा वर्षांच्या मुलीची, वसंताची. दोन गडी टिपून, एका दमात ‘चडुगुडु चडुगुडु’ करत ती परतली. टाळ्या पडल्या. मी शिट्टी फुंकली. “बाद!”

“पण बाबा, माझा दम सुटला नाही!”

तेवढ्यात सकवारबाई मैदानात आल्या. घराणं तंजावरचं, त्यांची मराठी माझ्या पणजोबांहून जुनी. म्हणाल्या, “राघोत्तमराव, लेंकराचा दम पाहता, की शब्द?”

उत्तरादाखल मी बाईंना शिस्तभंगाची नोटीस देऊन वर्गातून काढलं. सचिव आणखी काय करणार?

पुढच्या रविवारी वर्गात फळा, खडू आणि मी, एवढेच हजर होतो. मुलं मैलापूरला बाईंच्या अंगणात. वसंतासुद्धा. घरी ती माझ्याशी फक्त तमिळ बोलायची. मला तमिळ येत नव्हतं.

तीन रविवार मी शुद्ध मराठीत एकटा बसलो. चौथ्या रविवारी दिलगिरीचं भाषण पाठ करून बाईंच्या दारी गेलो.

“भाषण राहू द्या,” बाई म्हणाल्या. “चढाई करा.”

मी धोतर खोचलं. “काय म्हणू?”

“दम टिकेल ते म्हणा.”

टिकला नाही. पाचव्या पावलालाच सुटला, आणि वसंतानं माझा पाय घट्ट धरला. “बाबा, बाद!” ओरडली. मराठीत, महिन्याभरानं.

नियम त्याच संध्याकाळी गेला, बाई वर्गात परतल्या. नोटीस मात्र मी लेखी कधी मागे घेतली नाही. सात वर्षं झाली. बाई, आज या सभेसमोर घेतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. नोटिशीत चुकलं, ते फक्त बाईंनी.