सागवानी जिना

ठाण्यातल्या जुन्या इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर हेमाली वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी थांबली होती. शेजारी खुर्चीत म्हातारे रुडॉल्फ; सोबत त्यांची बायको बिट्रिस आणि त्यांच्या घराशेजारचा सुदेश. खुर्ची उचलून खाली न्यायला आणखी एक माणूस मिळत नव्हता.

"पेशंट वर आणि एक्स-रे खाली, असं का रे?"

"आंटी, इमारत इंग्रजांची. तेव्हा एक्स-रे कुठे होता?"

"मग आता लिफ्ट लावा की!"

"हेरिटेज आहे ना. जिन्याला हात लावायचा नाही."

"पेशंटला कुणी लावत नाही, ते चालतं."

"अस्सल सागवान आहे, आंटी. परवा कॉलेजची पोरं फोटो काढायला आलेली."

"वळणावर स्ट्रेचर अडकतं, त्याचा काढला का?"

"कमानी बघा किती उंच. हवा खेळती राहते."

"हवा खेळते आणि हे खोकतात."

"मलाही हेरिटेज करा," रुडॉल्फ म्हणाले. "डागडुजी तरी होईल."

हेमालीने पुढे होऊन खुर्ची धरली. "वळणावर भिंतीकडे तिरकी करा, नाहीतर कठडा लागतो."

"तुला गं कसं ठाऊक?"

"गेल्या आठवड्यात बाबांना नेलं."

"मग? बरे आहेत ना आता?"

"उचला," हेमाली म्हणाली.